लिनक्ससाठी पीसी जुळवताय? आधी चिपचं नाव विचारा

गेल्या महिन्यात कोपरखैरण्याहून भाच्याचा फोन आला, मामा पीसी असेंबल करायचाय, विंडोज नको, फक्त लिनक्स टाकणारे, पार्ट सांग. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे तो, कोड कंपाइल करणं, दोन-तीन व्हर्च्युअल मशीन, थोडं मशीन लर्निंग, आणि घरचे म्हणतात की एकदा पैसे घातले की पाच वर्षं बघायला नको. मग म्हणाला, पण लिनक्स तर कशावरही चालतं ना? हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता सगळं एकदा नीट लिहूनच ठेवतो. मी कळव्याजवळ खारेगावला राहतो, घरी आणि कामावर लिनक्सच वापरतो, ओळखीतल्या सात-आठ जणांची मशीनं हाताने जोडून दिलीत, त्यामुळे जे सांगतोय ते करून बघितलेलं आहे.

चालतं कशावरही, खरंय. पण "चालतं" आणि "झोपवलं की नीट उठतं, वायफाय तुटत नाही, पंखे आवाज करत नाहीत, अपडेटनंतर स्क्रीन काळी होत नाही" यात खूप फरक आहे. विंडोजला कंपनी ड्रायव्हर, म्हणजे पार्ट चालवणारं सॉफ्टवेअर, देते, तो टाकला की झालं. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आतच असतात, म्हणजे तुमच्या कर्नलला तो पार्ट ओळखता येतो की नाही यावर सगळं. आणि कर्नल खोक्यावरचा ब्रँड बघत नाही, आतली चिप बघतो. त्यामुळे प्रत्येक पार्टला दोनच प्रश्न विचारायचे, आत चिप कुठली आणि तिचा ड्रायव्हर कर्नलच्या कुठल्या व्हर्जनपासून आला.

म्हणूनच पार्टच्या आधी डिस्ट्रो, म्हणजे डेबियन, उबंटू, फेडोरा यांतलं कुठलं लिनक्स, ते ठरवा. लोक उलटं करतात. डेबियन १२ जून २०२३ ला आलं, त्यात कर्नल ६.१. उबंटू २४.०४ मध्ये सुरुवातीला ६.८. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ चं, त्यात ६.१२. आता समजा एएमडीचं आरएक्स ९०७० कार्ड घेतलं, जे मार्च २०२५ मध्ये बाजारात आलं, आणि त्यावर डेबियन १२ टाकलं, तर त्या कर्नलला हे कार्ड माहीतच नाही, डेबियन १२ आलं तेव्हा कार्ड जन्मालाच आलं नव्हतं. दोष कार्डाचाही नाही आणि डेबियनचाही नाही, जोडी चुकली. माझा नियम साधा आहे, स्थिर डिस्ट्रो हवी असेल तर बाजारात येऊन वर्ष झालेला पार्ट घ्या, आणि अगदी नवाच पार्ट हवा असेल तर फेडोरासारखी नवा कर्नल देणारी डिस्ट्रो घ्या. उबंटूवाल्यांना मधला रस्ता आहे, एलटीएस, म्हणजे बरीच वर्षं अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीवरच नंतरचे नवे कर्नल एचडब्ल्यूई नावाने मिळतात. भाच्याच्या कॉलेजात सगळे उबंटू २४.०४ वर, म्हणून तेच धरलं आणि पुढचं सगळं त्याला जुळवून.

प्रोसेसरमध्ये लिनक्सच्या दृष्टीने फार डोकं लावायला नको, एएमडी आणि इंटेल दोन्ही उत्तम चालतात. एकच गोष्ट बघा, आत ग्राफिक्स आहे का. इंटेलच्या नावापुढे एफ असेल तर नाही. रायझन ७००० च्या साध्या मॉडेलांमध्ये छोटंसं ग्राफिक्स असतं, ७५००एफमध्ये नसतं. हजार-दीड हजार वाचवायला लोक एफ घेतात आणि मग कधी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बिघडला की काळ्या स्क्रीनसमोर बसतात, मॉनिटरची वायर बोर्डाला लावून आत शिरायचा रस्ताच राहत नाही. एनव्हिडिया कार्ड लावणार असाल तर हे जास्तच लागू. आम्ही रायझन ५ ७६०० घेतला, ६ कोर, ६५ वॉट, खोक्यात कूलर येतो. कंपाइलचं काम खूप असेल तर रायझन ९ ७९०० बघा, १२ कोर आणि तोही ६५ वॉटचाच, आपल्याकडच्या उकाड्यात ही फार मोठी सोय आहे. इंटेलचे १३व्या-१४व्या पिढीचे वरचे मॉडेल घेत असाल तर बायोस (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय वापरायला घेऊ नका, जास्त व्होल्टेजमुळे चिप खराब होण्याचा जो प्रकार होता त्यावर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, काढला, तो बायोसमधून येतो आणि आधीच झालेलं नुकसान त्याने भरून निघत नाही, म्हणून सेकंडहँडमध्ये तर ते मी घेणारच नाही.

मदरबोर्डवर मात्र थांबा. इथे लोक आरजीबी आणि हीटसिंक बघतात आणि खरं जे बघायचं ते खोक्याच्या मागे बारीक अक्षरात असतं. पहिलं, लॅनची चिप. रिअलटेक ८१२५ असेल तर २.५ गिगाबिट मिळतं आणि कर्नल ५.४ पासून ड्रायव्हर आतच आहे, डोळे झाकून घ्या. दुसरं, बायोस फ्लॅशबॅक. हे लिनक्सवाल्याला सोन्यासारखं, कारण बोर्ड कंपन्यांचे अपडेट करायचे सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजचे असतात. फ्लॅशबॅक असलं की फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल टाकायची, त्यांनी सांगितलेलं नाव द्यायचं, मागच्या ठरलेल्या यूएसबीत लावायची आणि बटण दाबायचं, प्रोसेसरही बसवलेला लागत नाही. दुकानात बरेच महिने पडून राहिलेल्या बी६५० बोर्डवर रायझन ९००० बसवला तर जुन्या बायोसला तो कळतच नाही, अशा वेळी हेच बटण वाचवतं. तिसरं, सेन्सरची चिप. नुवोटॉनची असेल तर तापमान आणि पंख्यांचा स्पीड लिनक्समध्ये बहुतेक वेळा दिसतो, आयटीईच्या काही चिप कर्नलमधला ड्रायव्हर ओळखत नाही. माझ्या एका जुन्या बोर्डवर हेच झालं, पंखे किती फिरतायत ते आजही दिसत नाही, शेवटी पंख्याचा कर्व्ह बायोसमध्येच बसवला. तसंही मी सगळ्यांना पंख्यांचं सेटिंग बायोसमध्येच करायला सांगतो, डिस्ट्रो बदलली तरी ते राहतं.

वायफायचं तर वेगळंच प्रकरण. शक्य असेल तर वायर ओढा, छोट्या फ्लॅटमध्ये दहा मीटरची केबल पुरते. नसेल जमत तर इंटेल एएक्स२१० किंवा एएक्स२०० घ्या, दोन्ही कुठल्याही बोर्डवर चालतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही दिसायला तशीच पण ती फक्त इंटेल चिपसेटच्या बोर्डवर चालतात, अर्धी चिप बोर्डात असते त्यांची, एएमडीवर लावली तर काहीच होत नाही, आणि काउंटरवरचा मुलगा "सेम आहे" म्हणून देतो. बोर्डवर मीडियाटेक ७९२१ किंवा ७९२२ आली तरी चालेल, उबंटू २४.०४ च्या कर्नलला ती कळते. स्वस्त यूएसबी डोंगल टाळा. मी एकदा घेतला होता, त्याचा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा, कोणीतरी आपल्या हौशीने सांभाळत होता, दर कर्नल अपडेटला नेट बंद, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, मग मोबाइल वायरने जोडून नेट घ्यायचं. दोन वर्षं काढली त्यात. डोंगलच हवा असेल तर मीडियाटेक ७६१२यू चिपचा शोधा, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बऱ्याच वर्षांपासून आहे.

रॅम. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून भाव असे चढलेत की आज विचारलेला भाव उद्या टिकेलच असं नाही, म्हणून कोटेशन आणि खरेदी एकाच दिवशी करा. तरीही इथे काटकसर करू नका असंच सांगेन, कंपाइल करणाऱ्याला कोरमागे २ जीबी धरायची आणि वर ब्राउझर, एडिटर, व्हर्च्युअल मशीन यांचं वेगळं, म्हणजे ३२ पासून सुरुवात. अँड्रॉइडचा अख्खा सोर्स बिल्ड करायचा असेल तर गूगल स्वतः ६४ जीबी सांगतं. घ्यायची ती दोन काड्यांची किट, चार नाही. रायझन ७००० वर दोन काड्या असतील तर ५२०० चा अधिकृत स्पीड आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. "आत्ता १६ च्या दोन घेतो, पुढे अजून दोन टाकतो" हा हिशोब डीडीआर५ मध्ये, म्हणजे आताच्या पिढीच्या रॅममध्ये, नीट बसत नाही, भाच्यालाही हेच सांगितलं आणि त्याने एसएसडी छोटी करून ३२ च्या दोन घेतल्या, मला वाटतं बरोबर केलं. अजून एक, डीडीआर५ वर "ऑन डाय ईसीसी" लिहिलेलं असतं, ते खरं ईसीसी (डेटातली चूक पकडून दुरुस्त करणं) नाही, काडीपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेतली चूक ते पकडत नाही. थीसिसचा डेटा वगैरे महिनोन्‌महिने मशीनवर चालणार असेल तर खरी ईसीसी काडी आणि ईसीसी चालतं असं स्पष्ट लिहिलेला बोर्ड शोधावा लागेल.

आता ग्राफिक्स कार्ड, सगळ्यात जास्त वाद इथेच. कूडा, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर मशीन लर्निंगसारखी गणितं चालवायचं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर, लागतंय का, एवढं एकच स्वतःला विचारा. नसेल लागत तर एएमडी घ्या किंवा कार्डच घेऊ नका. एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, बाकीचं मेसा या डिस्ट्रोसोबतच येणाऱ्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये, वेगळं काहीच टाकावं लागत नाही, डिस्ट्रो टाकली की पहिल्याच बूटला पूर्ण रिझोल्यूशन, किती वर्षांनी परत टाकली तरी तेच. ज्याने एनव्हिडियाशी झगडून रात्री घालवल्यात त्याला या सुखाची किंमत कळते. इंटेलचं आर्कही चालतं, त्याचा ड्रायव्हरही कर्नलमध्येच असतो, फक्त बोर्डवर रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं बायोसमधलं सेटिंग) चालू हवं, म्हणजे जुन्या बोर्डवर ते कार्ड नको.

मशीन लर्निंग मनापासून करायचं असेल तर मात्र एनव्हिडियाला पर्याय शोधत बसू नका, कूडाच्या जागी एएमडीचं जे आरओसीएम आहे ते सुधारतंय, पण अधिकृतपणे चालणाऱ्या घरगुती कार्डांची यादी छोटी आहे, आणि शिकणाऱ्या पोराचा वेळ सेटअपमध्ये जाऊ नये. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला, ट्युरिंग म्हणजे आरटीएक्स २० आणि जीटीएक्स १६ पासून पुढच्या कार्डांना तो चालतो, ५० च्या मालिकेला तर तोच लागतो, पण वरचा भाग, कूडा धरून, अजून बंदच आहे. ड्रायव्हर डिस्ट्रोच्या पॅकेजमधूनच टाका, वेबसाइटवरून उतरवलेली फाइल चालवू नका, पुढच्या कर्नल अपडेटला ती हमखास रडवते. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारं बायोसमधलं सेटिंग, चालू असेल तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड विचारतो, तो कागदावर लिहून ठेवा, रिबूट झाल्यावर निळ्या स्क्रीनवर तोच द्यायचा असतो आणि बरेच जण तिथे घाबरून पुढे ढकलतात, मग ड्रायव्हर लोडच होत नाही. कार्ड निवडताना स्पीडपेक्षा मेमरी बघा, मॉडेल मेमरीत मावलंच नाही तर स्पीड काय करायचाय, म्हणून ८ जीबीच्या नव्या कार्डापेक्षा १२ जीबीचं ३०६० किंवा १६ जीबीचं ५०६० टीआय बरं. आणि सेकंडहँड जीटीएक्स १०६०, १०७०, १०८० स्वस्तात मिळतायत म्हणून उड्या मारू नका, ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे जी त्यांना चालते, त्यापुढच्या ड्रायव्हरमध्ये ती कार्डं नाहीत.

एसएसडीवर थोडक्यात. एनव्हीएमई, जेन ४, आणि टीएलसी प्रकारच्या मेमरीची घ्या, क्यूएलसीची नको. लिनक्समध्ये सगळ्याच चालतात. जमलं तर दोन छोट्या घ्या, एकीवर सिस्टिम आणि दुसरीवर होम, डिस्ट्रो कितीही वेळा बदला, घरचं सामान जागेवर राहतं.

मॉनिटर घरात असेल तोच वापरा, नवा घेत असाल तर डिस्प्लेपोर्ट असलेलाच घ्या. कारण सांगतो, एचडीएमआय २.१ चा सपोर्ट एएमडीने आपल्या खुल्या ड्रायव्हरमध्ये घालायचा प्रयत्न केला होता, २०२४ मध्ये ते मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने परवानगी नाकारली. त्यामुळे ४के १२० हर्ट्झचा टीव्ही एएमडी कार्डाला एचडीएमआयने जोडून लिनक्सवर पूर्ण मिळेल या आशेवर पैसे घालू नका, डिस्प्लेपोर्टला ही भानगड नाही.

आता ज्याकडे आपल्याकडे कोणीच बघत नाही ते. वीज. पॉवर सप्लाय ओळखीच्या कंपनीचा ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड, कार्ड नसेल तर ४५० वॉट चिकार, मध्यम कार्डाला ६५०. पण त्याआधी घरात अर्थिंग आहे का ते बघा, खरंच बघा. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगा असोत की गावठाणातली घरं, तिसऱ्या भोकात वायरच नसते कित्येकदा. पॉवर सप्लायच्या आत फिल्टरचे कपॅसिटर फेजवरून आणि न्यूट्रलवरून बॉडीला जोडलेले असतात, अर्थिंग नसलं की ते व्होल्टेज अर्धं-अर्धं वाटून बॉडीवर साधारण ११५ व्होल्ट दाखवतात, करंट अगदी कमी असतो पण कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. लोक म्हणतात पीसी खराब आहे. पीसी ठीक असतो, सॉकेट खराब असतो, आणि अशा सॉकेटवर सर्ज प्रोटेक्टर लावूनही पूर्ण उपयोग नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा, मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट असं यायला हवं. बहिणीच्या घरी हॉलमधला सॉकेट ठीक निघाला, बेडरूममधला नाही, तर टेबल हॉलमध्ये आलं आणि पार्टची खरेदी त्यानंतर.

यूपीएसशिवाय मशीन लावू नका. पावसाळ्याच्या तोंडावर लाइट किती वेळा जाते-येते आपल्याला माहितीये, आणि कर्नल अपडेट अर्ध्यात असताना गेली तर पुढची संध्याकाळ पेनड्राइव्हने बूट करून दुरुस्तीत जाते. यूपीएसवर लिहिलेलं व्हीए बघू नका, वॉट बघा, ६०० व्हीएचा बहुतेक ३६० वॉटचाच असतो, कार्ड नसलेल्या मशीनला आणि मॉनिटरला पुरतो, कार्ड असेल तर १००० व्हीएचा घ्या. यूएसबी पोर्ट असलेला मिळाला तर दोन पैसे जास्त द्या, नट नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की बॅटरी संपत आली की मशीन आपणहून नीट बंद होतं, तुम्ही घरी नसलात तरी, फक्त घ्यायच्या आधी ते मॉडेल नटच्या यादीत आहे का बघा. घरच्या इन्व्हर्टरवर लावणार असाल तर तो साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर नवे पॉवर सप्लाय गुरगुरतात किंवा बंदच पडतात. लाइट बिलाची काळजी असेल तर हिशोब सोपा, सरासरी १०० वॉट, रोज ८ तास, महिन्याला २४ युनिट.

कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं नको. मे महिन्यात आपल्या खोलीतच ३४-३५ डिग्री असतं, आत त्याहून थंड हवा येणार कुठून, निदान येऊ तरी द्या. जाळीमागे काढता येणारा फिल्टर हवा, घोडबंदरला मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून तिथल्या मित्राचा फिल्टर दर पंधरवड्याला धुवावा लागतो. लिक्विड कूलर मी सुचवत नाही, ६५ वॉटच्या प्रोसेसरला साधा कूलर पुरतो आणि त्यात पंख्याशिवाय बिघडण्यासारखं काही नाही.

खरेदी आम्ही लॅमिंग्टन रोडला केली. तो कोपरखैरण्याहून ठाण्याला आला, मी कळव्याहून, मग फास्ट लोकलने दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड, पूर्वेला उतरायचं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद आणि वर मेगाब्लॉक. वाशीत आणि ठाणे स्टेशनजवळही पार्ट मिळतात, एखादा नग हवा असेल तर तिथेच घ्या, बदलून आणायला सोपं, पण अख्खं मशीन घेताना चार दुकानांचे भाव लिहून घेऊन फिरलं की फरक कळतो. बिल जीएसटीचंच घ्या, सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या, आणि वॉरंटी भारतातली आहे का, सर्व्हिस सेंटर कुठे, हे प्रत्येक पार्टला विचारा, बिलाशिवाय स्वस्त मिळणारा प्रोसेसर बंद पडला की कोणी दारात उभं करत नाही. प्रोसेसरचं खोकं फेकू नका. कॅबिनेट घरपोच मागवा, संध्याकाळच्या गर्दीत ते घेऊन लोकलमध्ये चढणं म्हणजे लगेजच्या डब्यातही हाल, बाकीचे पार्ट सॅकमध्ये मावतात.

जोडल्यावर पहिल्यांदा चालू केलं की स्क्रीन काळीच राहील, घाबरून बंद करू नका. डीडीआर५ चं ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, काही मिनिटं लागतात, ६४ जीबीला आम्हाला चहा होईपर्यंत थांबावं लागलं. मग लगेच इन्स्टॉल करत सुटू नका, उबंटूच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा आणि सगळं तपासा. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड के जोडून (lspci -k) चालवली की प्रत्येक चिपसमोर कुठला ड्रायव्हर लागलाय ते दिसतं, महत्त्वाच्या एखाद्या चिपसमोर ती ओळच नसेल तर तिथेच गडबड आहे. आवाज पुढच्या आणि मागच्या दोन्ही जॅकवर ऐका, प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह घालून बघा, आणि मशीन झोपवून उठवा, एकदा नाही पाच वेळा, कारण झोपेतून उठताना जे अडतं ते पहिल्या वेळी बऱ्याचदा दिसत नाही. दुकानदार आठवडाभरात सहज बदलून देतो, नंतर सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या.

रॅमचा एक्सपो प्रोफाइल (रॅम तिच्या छापील स्पीडवर चालवणारं बायोसमधलं सेटिंग) चालू केल्यावर मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअरही लावा, सहा किंवा पुढचं व्हर्जन, म्हणजे यूईएफआयवर, नव्या प्रकारच्या बायोसवर, चालतं. अख्खी रात्र चालू दे. एक जरी एरर आली तरी प्रोफाइल बंद करून टेस्ट परत लावायची, तरीही आली तर काडी परत. भाच्याला सांगितलं होतं की रात्री लावून झोप आणि सकाळी आकडा बघून मला कळव. सव्वासहाला फोन आला, चार पास झाले, एरर शून्य, आणि त्याची आई मागून विचारत होती की आता तरी हॉलमधला पंखा लावू का.